बिछडीच्या विहिरी : पिण्याच्या पाण्याचे रासायनिक प्रदूषण आणि भारतीय कायद्याची वाटचाल

प्रस्तावना

पाण्याचा इतिहास लिहिताना धरणे, कालवे, तलाव आणि नळयोजना यांची नोंद प्रामुख्याने घेतली जाते. पाणी कोठून आणले, किती आणले आणि कोणाला दिले, हे प्रश्न इतिहासकारांनी वारंवार विचारले आहेत. मात्र उपलब्ध असलेले पाणी पिण्यायोग्य कसे राहिले किंवा कसे राहिले नाही, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. पटकी, विषमज्वर यांसारख्या जलजन्य रोगांचा इतिहास सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात आढळतो. रासायनिक विषाचा इतिहास मात्र अजूनही न्यायालयीन निवाड्यांत आणि शासकीय अहवालांत विखुरलेला आहे.

राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील बिछडी या लहानशा गावाचे प्रकरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निवाडा पर्यावरण कायद्याच्या अभ्यासक्रमात आवर्जून शिकविला जातो. 'प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजावी' या तत्त्वाचा भारतातील पाया म्हणून त्याचा उल्लेख होतो. परंतु तत्त्वाच्या या कीर्तीमागे ज्या विहिरींमुळे हा खटला उभा राहिला, त्या विहिरी झाकल्या गेल्या आहेत. प्रस्तुत निबंधात या प्रकरणाचा कालक्रमाने आढावा घेतला असून, कायदा अस्तित्वात असतानाही पिण्याच्या पाण्याचे रक्षण का होऊ शकले नाही, या प्रश्नाचा विचार केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

स्वातंत्र्योत्तर काळात पाण्याच्या शुद्धतेचा शास्त्रीय विचार संस्थात्मक पातळीवर सुरू झाला, त्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि साथीचे रोग यांच्या अभ्यासासाठी १९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये तिचे नामांतर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'नीरी', असे झाले. 'सार्वजनिक आरोग्य' या शब्दांची जागा 'पर्यावरण' या शब्दाने घेतली. रोगजंतूंच्या जोडीला रासायनिक प्रदूषणाचा प्रश्न उभा राहिल्याची ती एक खूण मानता येईल. पुढे बिछडीच्या प्रकरणात याच संस्थेचा अहवाल निर्णायक ठरला.

कायद्याच्या क्षेत्रातही महाराष्ट्राने लवकर पाऊल टाकले होते. राज्याने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधासाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ अस्तित्वात आले. राष्ट्रीय पातळीवर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये संमत झाला. पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने संसदेला तो संविधानाच्या अनुच्छेद २५२ नुसार, राज्यांनी तसे ठराव केल्यावर, करावा लागला. ठराव करणाऱ्या राज्यांमध्ये राजस्थानचा समावेश होता. महाराष्ट्राने हा केंद्रीय कायदा पुढे १९८१ मध्ये स्वीकारला.

या अधिनियमातील एक व्याख्या बिछडीच्या संदर्भात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 'प्रवाह' या शब्दाच्या व्याख्येत नदी, ओढा, जलाशय यांच्याबरोबर भूगर्भातील पाण्याचाही समावेश १९७४ पासूनच आहे. म्हणजे विहिरीला पाणी पुरविणारे झरे कायद्याच्या कक्षेबाहेर होते, असे म्हणता येत नाही. उणीव होती ती अधिकारांची. मूळ अधिनियमानुसार सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती आवश्यक होती. परंतु संमती नाकारल्यावरही कारखाना चालूच राहिला, तर तो थेट बंद करण्याचा किंवा त्याची वीज तोडण्याचा अधिकार मंडळाकडे नव्हता. खटला भरणे आणि न्यायालयाकडे मनाईहुकूम मागणे एवढाच मार्ग मोकळा होता.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर परिस्थिती बदलली. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाने केंद्र सरकारला उद्योग बंद करण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला. १९८८ च्या सुधारणेने जल अधिनियमात कलम ३३-अ समाविष्ट करून असाच अधिकार राज्य मंडळांना दिला, तसेच उद्योग उभारण्यापूर्वीच संमती घेणे बंधनकारक केले. ही सुधारणा सप्टेंबर १९८८ च्या अखेरीस अंमलात आली. बिछडी येथे एच आम्लाचे उत्पादन त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले होते.

एच आम्ल आणि त्याचा गाळ

बिछडी गावाच्या उत्तरेस हिंदुस्तान झिंक या तत्कालीन सार्वजनिक उपक्रमाचा मोठा कारखाना होता. गावाच्या हद्दीत १९८७ मध्ये हिंदुस्तान अॅग्रो केमिकल्स या कंपनीने ओलियम, म्हणजे तीव्र स्वरूपाचे गंधकाम्ल, आणि सिंगल सुपर फॉस्फेट यांचे उत्पादन सुरू केले. त्याच आवारात सिल्व्हर केमिकल्स या भगिनी कंपनीने फेब्रुवारी १९८८ पासून एच आम्ल बनविण्यास प्रारंभ केला. ज्योती केमिकल्स हा एच आम्लाचा दुसरा कारखाना. आवारातील सर्व कारखाने एकाच समूहाच्या नियंत्रणाखाली असल्याचे न्यायालयाने नमूद केले आहे.

एच आम्ल हा कापड रंगविण्याच्या अॅझो रंगांसाठी लागणारा मध्यवर्ती पदार्थ होय. नॅफ्थलिनवर प्रथम गंधकाम्लाची आणि नंतर नत्राम्लाची प्रक्रिया केली जाते. उरलेले आम्ल चुन्याने शमविले जाते, तेव्हा जिप्समयुक्त गाळ तयार होतो. पुढील टप्प्यात लोखंडाच्या चुऱ्याने क्षपण करताना लोहयुक्त गाळ उरतो. यांखेरीज गडद रंगाचे, आम्लधर्मी सांडपाणी मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते. या पदार्थातील सल्फोनिक गटांमुळे तो पाण्यात सहज विरघळतो आणि सूक्ष्मजीवांकडून त्याचे विघटन फार सावकाश होते. त्यामुळे जमिनीत मुरलेले सांडपाणी थोड्याशा मातीतून गाळले जाऊन शुद्ध होईल, ही अपेक्षा येथे व्यर्थ ठरते. उदयपूरचा परिसर अरवलीच्या कठीण खडकांचा आहे. तेथे भूजल खडकांच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून वाहते, आणि त्याबरोबर विषही वाहते.

निवाड्यातील नोंदीनुसार सिल्व्हर केमिकल्सने सुमारे ३७५ टन एच आम्लाचे उत्पादन केले. ज्योती केमिकल्सने आपले उत्पादन केवळ २० टन आणि तेही चाचणीपुरते असल्याचे सांगितले. या उत्पादनातून सुमारे २,४०० ते २,५०० टन विषारी गाळ निर्माण झाला. हे आकडे समोर ठेवले असता एक टन उत्पादनामागे सहा टनांहून अधिक गाळ, असे प्रमाण निघते. उत्पादन संपूर्णपणे निर्यातीसाठी होते. पाश्चात्त्य देशांत या पदार्थाचे उत्पादन त्याच्या घातक कचऱ्यामुळे बंद करण्यात आल्याचे, मात्र त्याची मागणी तेथे कायम राहिल्याचे न्यायालयासमोर सांगण्यात आले. रंग परदेशी गेला, परकीय चलन देशात आले आणि गाळ बिछडीच्या वाट्याला आला. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी निर्यातीच्या आकड्यांसोबत मागे उरलेल्या या गाळाचीही मोजदाद करणे आवश्यक आहे.

विहिरींचे पाणी : १९८८-८९

सांडपाणी प्रक्रिया न करता सोडण्यात आले आणि गाळ आवारात व आवाराबाहेर उघड्यावर टाकण्यात आला. पावसाबरोबर त्यातील विद्राव्य घटक जमिनीत मुरले. विहिरींचे पाणी काळपट झाले. ते माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना आणि पिकांनाही देता येईना. शेतीवर जगणाऱ्या गावात विहीर ही एकाच वेळी पाणवठा, गोठ्याचा आधार आणि सिंचनाचे साधन असते. शहरात नळाचे पाणी दूषित झाले, तर दुसऱ्या स्रोतातून तात्पुरता पुरवठा करता येतो. गावाखालचा भूजलसाठाच बिघडला, तर विहीर बदलून उपयोग नसतो, कारण शेजारची विहीरही त्याच पाण्यावर भरते.

येथे ज्ञानाच्या स्वरूपाचा एक प्रश्न उपस्थित होतो. पाणी बिघडल्याचे प्रथम कळले ते गावकऱ्यांना. पोहऱ्यातून वर आलेल्या पाण्याचा रंग हाच त्यांचा पुरावा होता. मात्र कायद्याच्या दृष्टीने पुरावा म्हणजे नमुना, पृथक्करण आणि अहवाल. पहिल्या प्रकारचे ज्ञान दुसऱ्या प्रकारात रूपांतरित होण्यास लागणारा काळ हाच विष पसरण्याचा काळ ठरला. बिछडीच्या बाबतीत निदान रंगाने तरी इशारा दिला. आर्सेनिक किंवा फ्लोराइड पाण्याला रंग देत नाहीत, आणि अशा ठिकाणी हा पहिला इशाराही मिळत नाही.

प्रश्नाचे पडसाद संसदेत उमटले आणि कारवाई चालू असल्याचे उत्तर मंत्र्यांनी दिले. प्रत्यक्ष जागेवर परिणामकारक असे काही घडले नाही. अखेरीस गावकऱ्यांचा संताप उसळला. जिल्हा दंडाधिकाऱ्यांना फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदी लागू करावी लागली आणि जानेवारी १९८९ मध्ये सिल्व्हर केमिकल्स बंद झाली. हा क्रम लक्षणीय आहे. कारखाना मंडळाच्या आवश्यक संमतीविना सुरू झाला होता. सप्टेंबर १९८८ नंतर तो बंद करण्याचा अधिकारही मंडळाकडे आला होता. तरीही कारखाना बंद पडला तो लोकक्षोभानंतर. घातक कचऱ्याच्या हाताळणीविषयीचे केंद्रीय नियम तर जुलै १९८९ मध्ये, म्हणजे उत्पादन थांबल्यानंतर सहा महिन्यांनी आले.

न्यायालय आणि प्रयोगशाळा

ऑगस्ट १९८९ मध्ये इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अॅक्शन या संस्थेने संविधानाच्या अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कंपन्यांच्या वतीने शेजारच्या जस्त कारखान्याकडे बोट दाखविण्यात आले आणि त्या कारखान्याने जबाबदारी नाकारली. प्रदूषणाच्या खटल्यांत हा बचाव नेहमीचा आहे. अनेक कारखाने एकाच परिसरात असले की विषाचा धनी कोण, हे ठरविणे अवघड होते. येथे रसायनशास्त्र न्यायालयाच्या मदतीस आले. एच आम्लाचा गाळ आणि विहिरींतील पाणी यांचा संबंध तज्ज्ञांच्या अहवालांनी प्रस्थापित केला.

न्यायालयाने गाळ सुरक्षितपणे साठविण्याचे आदेश दिले. त्यांचे पालन कसे झाले, हे पुढील तपासणीत उघड झाले. सुमारे ७२० टन गाळ बंदिस्त खड्ड्यांत ठेवण्यात आला होता. उरलेला गाळ आवारात व परिसरात विखरून टाकलेला आणि मातीने झाकलेला आढळला. गाळ विखुरल्याने तो गोळा करणे अधिकच कठीण झाले. फेब्रुवारी १९९२ मध्ये न्यायालयाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला तज्ज्ञ पाठविण्याचा आदेश दिला. नागपूरच्या नीरी संस्थेने १९९४ मध्ये सविस्तर अहवाल सादर केला. दूषित माती, विहिरींतील पाणी आणि गाळ यांच्या शुद्धीकरणासाठी येणाऱ्या खर्चाचा अंदाज ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये इतका काढण्यात आला. दूषित भूजल पूर्ववत करण्याचा खर्च एवढ्या तपशिलाने न्यायालयासमोर येणे, ही त्या काळी महत्त्वाची घटना होती.

१९९६ चा निवाडा

न्या. बी. पी. जीवन रेड्डी आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निवाडा दिला. खासगी कंपन्यांविरुद्ध अनुच्छेद ३२ खाली याचिका चालू शकत नाही, हा आक्षेप फेटाळण्यात आला. शासन आणि मंडळे यांनी आपले वैधानिक कर्तव्य बजावले नाही व त्यामुळे नागरिकांच्या जीविताच्या हक्काला बाधा आली, हाच प्रश्न न्यायालयासमोर असल्याचे स्पष्ट करण्यात आले.

दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले होते. घातक व्यवसाय करणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी त्यातून झालेल्या हानीची जबाबदारी त्याच्यावरच राहते, असा त्याचा आशय. १९९१ मध्ये भोपाळ प्रकरणातील निवाड्यात या तत्त्वाच्या बंधनकारकतेविषयी शंका व्यक्त झाली होती. बिछडीच्या निवाड्याने ती शंका दूर करून तत्त्व बंधनकारक मानले. त्याला 'प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी' या तत्त्वाची जोड देऊन, १९८६ च्या अधिनियमाखाली शुद्धीकरणाचा खर्च वसूल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला असल्याचे सांगितले. कारखाने बंद करण्याचे आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचे आदेश झाले. रासायनिक उद्योगांचा स्वतंत्र वर्ग मानून त्यांची अधिक कसून छाननी करावी, तसेच भरपूर पाणी लागणारे उद्योग कोरड्या प्रदेशात उभारू द्यावेत काय, याचा विचार करावा, असेही केंद्र सरकारला सांगण्यात आले.

गावकऱ्यांच्या वैयक्तिक नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र न्यायालयाने दिवाणी न्यायालयांकडे सोपविला. त्यांनी निर्धन वादी म्हणून दावे दाखल केल्यास राज्य शासनाने त्यास विरोध करू नये, असे निर्देश देण्यात आले. या निर्देशातील सहानुभूती खरी आहे. तरीही विहीर गमावलेल्या शेतकऱ्याला सात वर्षांनी नव्या दाव्याचा प्रारंभ करावा लागणे, ही या निवाड्याची मर्यादा नोंदविणे भाग आहे.

निवाड्यानंतरची पंधरा वर्षे

४ नोव्हेंबर १९९७ रोजी न्यायालयाने ३७.३८५ कोटी रुपये भरण्याविषयी आदेश दिला. रक्कम जमा झाली नाही. अंतिम निवाडा झालेला असतानाही कंपनीच्या वतीने नवनवे अर्ज सादर होत राहिले आणि प्रकरण जिवंत राहिले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्या. दलवीर भंडारी आणि न्या. एच. एल. दत्तू यांच्या पीठाने हे अर्ज फेटाळले. मूळ रकमेवर ४ नोव्हेंबर १९९७ पासून द. सा. द. शे. १२ टक्के चक्रवाढ व्याज आणि १० लाख रुपये खर्च भरण्याचा आदेश देण्यात आला. ही रक्कम बिछडी व परिसराच्या शुद्धीकरणासाठीच वापरावयाची होती.

चक्रवाढ व्याजाचा हा आदेश केवळ दंडात्मक नव्हता. बारा टक्के दराने रक्कम सुमारे सहा वर्षांत दुप्पट होते. पैसे न भरता खटला लांबविणे फायद्याचे ठरते, तोपर्यंत 'किंमत मोजावी' या तत्त्वाला अर्थ उरत नाही, हे न्यायालयाने ओळखले. परंतु चक्रवाढ केवळ व्याजाची होत नाही. उघड्यावर पडलेल्या गाळावर प्रत्येक पावसाळ्यात पाणी पडते आणि विषाचा प्रवास पुढे चालू राहतो. १९९४ मध्ये आखलेली शुद्धीकरणाची योजना सतरा वर्षांनंतर त्याच स्वरूपात पुरेशी ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. उत्पादनाचा काळ एका वर्षाहूनही कमी होता, तर १९८९ ते २०११ हा खटल्याचा काळ बावीस वर्षांचा झाला.

बिछडीनंतर

बिछडीच्या अनुभवाशेजारी हैदराबादचे उदाहरण ठेवणे उपयुक्त ठरेल. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे त्या शहराच्या पिण्याच्या पाण्याचे जुने जलाशय. त्यांच्या सभोवतालच्या दहा किलोमीटरच्या परिसरात प्रदूषणकारी उद्योगांना १९९६ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने मनाई केली होती. तेथे उभारण्यात आलेल्या एका तेल कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ आणि २००० मध्ये सावधगिरीच्या तत्त्वाचा आधार घेऊन जलाशयांच्या बाजूने निर्णय दिला. विष पाण्यात उतरण्यापूर्वीच न्यायालयाने हस्तक्षेप केला, हा बिछडीशी असलेला मूलभूत फरक होय. परंतु प्रतिबंधाचा आदेशही चिरस्थायी नसतो. २०२२ मध्ये तेलंगण शासनाने १९९६ चे ते निर्बंध उठविण्याचा आदेश काढला.

भोपाळचा अनुभव उलट दिशेने तेच सांगतो. बंद कारखान्याच्या आवारातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये, दुर्घटनेला चाळीस वर्षे उलटल्यावर, पीथमपूर येथे हलविण्यात आला आणि तेथे जाळण्यात आला. परिसरातील दूषित माती आणि भूजल यांचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

कायद्याची वाटचालही थांबलेली नाही. २०२४ च्या सुधारणेने जल अधिनियमातील अनेक गुन्ह्यांसाठीची कारावासाची शिक्षा काढून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. संमतीविना उद्योग सुरू करण्यासाठीची कारावासाची शिक्षा मात्र कायम राहिली. ही सुधारणा प्रथम ज्या राज्यांना लागू झाली, त्यांत हिमाचल प्रदेशाबरोबर राजस्थानही आहे. दंडाची तत्काळ वसुली ही लांबणाऱ्या खटल्यापेक्षा परिणामकारक ठरेल, असा या बदलाच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. ३७ कोटींच्या रकमेसाठी लागलेली वर्षे पाहता त्यात तथ्य आहे. मात्र कमाल १५ लाखांचा दंड आणि एक भूजलसाठा पूर्ववत करण्याचा खर्च यांतील अंतरही त्याच प्रकरणातून स्पष्ट दिसते.

समारोप

बिछडीच्या इतिहासातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, भूजल हे १९७४ पासूनच कायद्याच्या व्याख्येत होते. त्यामुळे कायद्याच्या अभावापेक्षा अधिकार उशिरा मिळणे आणि मिळालेले अधिकार वेळेवर न वापरणे, ही खरी कारणे ठरतात. दुसरी, नदीत सोडलेले विष प्रवाहाबरोबर काही अंशी विरते, पण भूजलात शिरलेले विष दीर्घकाळ टिकते. म्हणून भूजलाच्या बाबतीत नुकसानभरपाईचे तत्त्व प्रतिबंधाची जागा घेऊ शकत नाही. तिसरी, पाणी पिणाऱ्या माणसाची साक्ष हा प्रदूषणाचा पहिला पुरावा असतो, आणि ती साक्ष प्रयोगशाळेपर्यंत त्वरेने पोहोचविणारी व्यवस्था उभारणे हे प्रदूषण रोखण्याचे पहिले पाऊल आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने ही तिसरी बाब विशेष महत्त्वाची ठरते. ग्रामीण व निमशहरी भागांतील बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असते, आणि औद्योगिक वसाहतींच्या सभोवतालच्या गावांतील विद्यार्थी तेथे शिकत असतात. परिसरातील विहिरींच्या पाण्याची दरवर्षी ठरावीक काळी तपासणी करून त्याची नोंद जपून ठेवणे, हे अशा संस्थांच्या आवाक्यातील काम आहे. बिछडीत १९८७ पूर्वीच्या पाण्याची अशी सलग नोंद हाताशी असती, तर शेजारच्या कारखान्याकडे बोट दाखविण्याच्या बचावाला फारसा वाव उरला नसता. पुढील काळातील इतिहासकारालाही निवाड्यांच्या पानांपलीकडे जाऊन विहिरींचा इतिहास लिहिता आला असता.